स्थूलचर्मी : शास्त्राने सोडलेला, भाषेने सांभाळलेला शब्द

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा आणि आसपासच्या गावांत कोणी रानातला गेंडा पाहिलेला असण्याची शक्यता नाही. या प्राण्याचे आजचे जवळात जवळचे रान हजाराहून अधिक किलोमीटर दूर, उत्तर प्रदेश व नेपाळच्या तराईत, पश्चिम बंगालच्या उत्तर टोकाला आणि आसामात आहे. तरीही टँकर वेळेवर आला नाही, पीकविम्याची रक्कम अडकली, अतिवृष्टीचे अनुदान खात्यावर जमा झाले नाही, की मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात तहसील कचेरीपुढच्या घोषणांत गेंडा हजर असतो. 'गेंड्याच्या कातडीचे प्रशासन' हे शब्द निवेदनात असतात, भाषणात असतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातही असतात. न पाहिलेल्या जनावराची कातडी एवढी ओळखीची कशी झाली, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला पडावा असाच आहे.

हत्ती, गेंडा, पाणघोडा अशा अवजड, जाड कातडीच्या सस्तन प्राण्यांना इंग्रजीत 'पॅकिडर्म' असा एक सामायिक शब्द आहे. मराठीत त्यासाठी 'स्थूलचर्मी' असा संस्कृत वळणाचा शब्द योजला जातो. बोलताना मात्र 'जाड कातडीचे प्राणी' एवढेच म्हटले जाते. प्राणिशास्त्राने हा गट केव्हाच मोडीत काढला. भाषेने मात्र तो सोडला नाही, आणि त्याची मूळ कल्पना, म्हणजे जाड कातडी असलेल्याला काही जाणवत नाही ही समजूत, तिने माणसालाही लावली. या समजुतीत तथ्य किती, हे पाहण्यासाठी शब्दाच्या मुळाशी जावे लागते.

ग्रीक शब्दाची संस्कृत भावंडे

'पॅकिडर्म' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे दोन्ही घटक ग्रीक आहेत. 'पाखुस्' म्हणजे जाड आणि 'डेर्मा' म्हणजे कातडी. हे दोन्ही शब्द परके वाटले तरी त्यांची भावंडे मराठी माणसाच्या तोंडात रोज असतात. भाषाशास्त्रज्ञ 'पाखुस्'चे नाते संस्कृत 'बहु' या शब्दाशी जोडतात. एका भाषेत दाटपणाचा, जाडीचा अर्थ पुढे आला, दुसरीत विपुलतेचा. 'डेर्मा'च्या मुळाशी चिरणे, फाडणे, सोलणे या अर्थाचा धातू आहे. संस्कृतात तोच 'दॄ' या रूपात दिसतो. 'विदीर्ण', 'विदारक' आणि डोंगर चिरत गेलेली 'दरी' ही त्याचीच संतती. त्याच कुळातला 'दृति' हा शब्द वेदकाळापासून कातड्याच्या पिशवीला, पाणी किंवा मध भरण्याच्या बुधल्याला वापरला गेला.

'दृति' हा शब्द मराठीत टिकला नाही, पण ती वस्तू टिकली. विहिरीवर चालणारी चामड्याची मोट आणि रेड्याच्या पाठीवरून पाणी वाहून नेणारी पखाल या दोन्ही वस्तू विजेचे पंप आणि नळ येईपर्यंत मराठवाड्यातल्या गावांच्या ओळखीच्या होत्या. मोट गेली, पखाल गेली, पण 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण अजून अनेक रूपांत ऐकू येते. तिच्यात गमतीचा, पण नेमका मुद्दा आहे. रेड्याची कातडी जिवंत आहे, तिला दुखते. पखालीचे कातडे मेलेले आहे, त्याला काहीच जाणवत नाही. या दोहोंत गल्लत करणारा माणूस म्हणीत हास्यास्पद ठरतो. 'स्थूलचर्मी' या शब्दाच्या वापरात हीच गल्लत होते, हे पुढे दिसेल.

मराठी 'कातडे' हा शब्दही याच वाटेने आला आहे. संस्कृत 'कृत्ति' म्हणजे कापून काढलेले चर्म; 'कृत्' म्हणजे कापणे. 'कृत्ति'पासून प्राकृतात 'कत्ति' आणि मराठीत 'कात', 'कातडे', 'कातडी'. साप टाकतो तीही कातच. ग्रीक असो वा मराठी, कातडीला नाव पडले ते सोलण्याच्या, कापण्याच्या क्रियेवरून. ज्याच्या अंगावर ती होती त्याच्या अनुभवावरून नव्हे, तर ती काढून वापरणाऱ्याच्या कामावरून.

'कृत्तिवास' हे शंकराचे नाव याच शब्दापासून झाले आहे. गजासुराला मारून त्याचे कातडे पांघरणारा शिव, ही कथा पुराणांत आहे. घारापुरी आणि वेरूळच्या लेण्यांतील अंधकासुरवधाच्या शिल्पांत शिवाने हत्तीचे कातडे मागे उंच धरलेले दिसते. ज्या बेटाला पोर्तुगिजांनी तिथल्या दगडी हत्तीवरून 'एलेफंटा' नाव दिले, त्याच बेटावर हत्तीचे कातडे पांघरणाऱ्या देवाचे शिल्प असावे, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. तो दगडी हत्ती आज मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. कातडे 'पांघरणे' ही कल्पना मराठी वाक्प्रचारात पुन्हा भेटते.

एका गटाचा जन्म आणि अंत

प्राण्यांच्या वर्गीकरणात हा शब्द रूढ केला तो फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ जॉर्ज क्यूव्हिये (१७६९–१८३२) यांनी. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सस्तन प्राण्यांची विभागणी करताना त्यांनी हा गट कल्पिला आणि १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राणिसृष्टीवरील आपल्या ग्रंथात तो विस्ताराने मांडला. खूर किंवा खुरासारखी नखे असलेले, पण गाय, शेळी, हरिण यांच्याप्रमाणे रवंथ न करणारे प्राणी त्यांनी एकत्र आणले. हत्ती, गेंडा, पाणघोडा यांच्याबरोबर डुक्कर, टॅपिर आणि घोडासुद्धा या गटात होता. सर्वांत आश्चर्याचा सदस्य म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियात खडकांत राहणारा, सशाएवढा, मऊ केसांचा हायरॅक्स. म्हणजे नाव 'स्थूलचर्मी' असले तरी सगळ्या सदस्यांना ते शोभत होते असे नाही.

गट फुटायला फार वेळ लागला नाही. जर्मन शास्त्रज्ञ योहान इलिगर यांनी १८११ मध्येच हत्तींसाठी सोंडवाल्यांचा स्वतंत्र गण सुचवला होता. पुढे १८४८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी खुरांच्या रचनेवर बोट ठेवले. ज्यांच्या पायाचा मधला खूर प्रमुख असतो ते विषमखुरी, त्यांत गेंडा, घोडा व टॅपिर आले. ज्यांचा भार दोन सारख्या खुरांवर पडतो ते समखुरी, त्यांत डुक्कर, पाणघोडा, गाय व हरिण आले. जाड कातडी हे नात्याचे लक्षण नाही हे यातून स्पष्ट झाले. मोठे शरीर, थोडे केस आणि जाड कातडी ही वैशिष्ट्ये वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे निर्माण झाली होती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांच्या अभ्यासाने या चित्रात आणखी भर घातली. पाणघोड्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग म्हणजे देवमासे आणि डॉल्फिन. हत्तीचे नातलग म्हणजे समुद्रगाय आणि तोच छोटासा हायरॅक्स. गेंड्याचे नाते घोड्याशी. म्हणजे तीन प्रमुख 'स्थूलचर्मी' एकमेकांपासून इतके दूर आहेत, की गेंड्याच्या दृष्टीने घोडा सख्खा आणि हत्ती परका. क्यूव्हिये यांचे एक अनुमान मात्र अनपेक्षितपणे खरे ठरले: हायरॅक्स आणि हत्ती यांना त्यांनी एका छताखाली ठेवले होते, ते कातडीमुळे नव्हे तरी योग्यच होते.

आज हा शब्द प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात केवळ इतिहास म्हणून येतो. वैद्यकात त्वचा किंवा श्लेष्मल आवरण जाड होण्याच्या काही विकारांच्या नावांत तो उरला आहे. मराठीत 'हत्तीरोग' किंवा 'हत्तीपाय' या नावांमागे हीच प्रतिमा आहे. डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगात पाय सुजतो, त्याची कातडी जाड व खरखरीत होते. आयुर्वेदात त्याला 'श्लीपद' म्हणतात.

हात, तलवार आणि पाण्यातला घोडा

युरोपीय शास्त्राने या प्राण्यांकडे कातडीच्या बाजूने पाहिले. भारतीय भाषांनी कशावरून नावे ठेवली, हे पाहणे उद्बोधक आहे. 'हत्ती' हा शब्द 'हस्तिन्'पासून आला. हस्तिन् म्हणजे हात असलेला. सोंड हा त्याचा हात. 'करी' या नावाचाही हाच अर्थ. दातांवरून तो 'दंती' आणि 'द्विरद' झाला. सोंडेने एकदा आणि तोंडाने एकदा, असा दोनदा पाणी पितो म्हणून 'द्विप' झाला. संस्कृत कोशांतील हत्तीच्या रूढ नावांत सोंड, सुळे, मद आणि पाणी पिण्याची रीत येते. कातडीला तिथे स्थान नाही. मराठी म्हणींतही तेच. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात, हत्ती जाऊन शेपूट राहते, न परवडणारा खर्च पांढरा हत्ती ठरतो. हत्तीच्या कातडीवर मात्र म्हण सापडत नाही.

गेंड्याला संस्कृतात 'गंडक', 'खड्ग' आणि 'खड्गी' अशी नावे आहेत. 'गंडक'पासून आपला 'गेंडा' झाला. 'खड्ग' म्हणजे तलवार. नाकावरचे शिंग हीच त्याची तलवार. यात एक मौज आहे. गेंड्याचे शिंग गायी-म्हशींच्या शिंगांसारखे हाडावर बसलेले नसते. नखे आणि केस ज्या केराटिन नावाच्या द्रव्याचे बनतात त्याचेच ते दाट वाढलेले रूप असते. म्हणजे त्याची तलवारही कातडीचीच उपज आहे. आणि कातडी? तिच्यापासून माणसाने ढाल केली. गेंड्याच्या कातड्याच्या, लाखेने चकचकीत केलेल्या गोल ढाली मोगल आणि मराठा काळात मोलाच्या मानल्या जात. संग्रहालयांत त्या आजही पाहायला मिळतात. महाराष्ट्राला गेंडा प्रत्यक्ष ठाऊक नसला तरी त्याची कातडी ढालीच्या रूपाने ठाऊक होती. वार झेलून न फाटणारी वस्तू, ही तिची ओळख युद्धातून आलेली आहे.

'पाणघोडा' हा शब्द तुलनेने नवा आणि भाषांतरित. ग्रीक 'हिप्पोपोटॅमस' म्हणजे नदीतला घोडा. त्याचेच मराठी रूप पाणघोडा. मुंबईकरांच्या अनेक पिढ्यांनी हा प्राणी प्रथम पाहिला तो राणीच्या बागेतच.

गोदाकाठचे स्थूलचर्मी

हे प्राणी महाराष्ट्राला कायमचेच परके होते का? गोदावरी आणि तिच्या उपनद्यांच्या गाळाने याचे उत्तर दिले आहे. गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. याच नदीच्या वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांविषयी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिले. आजच्या भारतीय हत्तीहून कितीतरी मोठा, सरळ सुळ्यांचा तो हत्ती आता नामशेष झाला आहे. बीड जिल्ह्याच्या बालाघाट डोंगरात उगम पावणाऱ्या मांजरा नदीच्या खोऱ्यातही हत्तीबरोबर पाणघोड्याचे जीवाश्म मिळाले आहेत. आज ज्या मराठवाड्यात उन्हाळ्यात नद्यांची पात्रे कोरडी पडतात, तिथे एके काळी पाणघोड्याला वर्षभर डुंबता येईल एवढे पाणी होते, ही माहिती केवळ प्राणिशास्त्राची नाही.

माणसाच्या हातून घडलेला पुरावा तर याहून बोलका आहे. प्रवरा ही गोदावरीची उपनदी. तिच्या काठी, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात, दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचा बुंधा खणताना चार जड धातूशिल्पे सापडली. एकात बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस आहे. उरलेली तीन शिल्पे म्हणजे हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरते. ही शिल्पे इसवी सनापूर्वी दोन हजार वर्षांच्या सुमाराची, उत्तर हडप्पा काळातील आहेत असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. काहींनी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून या काळाबद्दल शंका घेतली आहे. काळ कोणताही असो, तीन जाड कातडीची जनावरे निवडून ती चाकांवर चढवणारा कारागीर क्यूव्हिये यांच्या फार आधीचा होता, एवढे निश्चित. त्याच्या गेंड्याच्या अंगावर कातडीच्या घड्या दिसतात. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील गेंड्यांतही त्या कोरलेल्या आहेत.

हत्ती मात्र इतिहासकाळातही या भागात येत राहिला, तो राजे-सरदारांबरोबर. गेवराई तालुक्यातीलच राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली. रघुनाथरावांचा हत्ती शत्रूच्या गराड्यात सापडला आणि थोरल्या माधवरावांनी त्यांना सोडवले, हा त्या लढाईतला प्रसंग इतिहासग्रंथांत सांगितला जातो. लढाईत हत्तीच्या अंगावर चिलखत घातले जाई. त्याला 'पाखर' म्हणत. निसर्गाने दिलेली कातडी पुरेशी ढाल असती तर पाखरेची गरज पडली नसती. हत्तीशी रोजचा संबंध असणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते.

गोव्याहून निघालेला 'गंडा'

गेंड्याची कातडी म्हणजे चिलखत, ही प्रतिमा युरोपच्या डोळ्यांपुढे उभी करणारे चित्रही एका अर्थाने कोकण किनाऱ्यावरून गेले. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याने १५१४ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्क याला एक जिवंत गेंडा भेट दिला. गोव्यात पोहोचलेला तो प्राणी जहाजाने पोर्तुगालला रवाना झाला आणि २० मे १५१५ रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात दिसलेला तो पहिला जिवंत गेंडा. त्याच्याबरोबर त्याचे भारतीय नावही गेले. पोर्तुगीज त्याला 'गांदा' म्हणत. राजा मॅन्युएलने त्याची हत्तीशी झुंज लावली, तेव्हा हत्तीनेच पळ काढला.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने गेंडा कधी पाहिला नव्हता. लिस्बनहून आलेले एक टिपण आणि एक कच्चे रेखाटन यांच्या आधारे त्याने १५१५ मध्ये लाकडी ठशाचे चित्र केले. त्यात कातडीच्या घड्यांची लोखंडी पत्रे झाली, सांध्यांवर जणू खिळे ठोकले गेले. पुढे दोन-अडीच शतके युरोपातील पुस्तकांत गेंडा दिसला तो याच चिलखतात. प्रत्यक्षातला गेंडा मात्र पोपला नजराणा म्हणून पाठवला जात असताना १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला. तो साखळदंडांनी जखडलेला होता. कातडीचे चिलखत त्याच्या उपयोगी पडले नाही.

आंधळे, हत्ती आणि कातडी

बाहेरून हाताला लागेल तेवढ्यावरून संपूर्ण प्राण्याबद्दल बोलू नये, हा धडा मराठीने आपल्या आरंभकाळातच गिरवला आहे. तेराव्या शतकात गोदाकाठी वावरलेल्या चक्रधरस्वामींचे दृष्टांत केशिराज बासांनी 'दृष्टांतपाठ' या ग्रंथात संकलित केले. जन्मांध माणसे हत्तीला चाचपतात आणि ज्याच्या हाताला जो अवयव लागला त्यावरून तो हत्तीचे वर्णन करतो, ही कथा त्यात आहे. 'स्थूलचर्मी' हा शब्दही असाच चाचपून दिलेला आहे. कातडी हाताला लागली, ती जाड निघाली आणि तेवढ्यावरून नाव पडले.

ती कातडी प्रत्यक्षात कशी असते? जाडीबद्दल वाद नाही. माणसाची त्वचा बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिलीमीटरहून जाड नसते. हत्तीच्या पाठीवर व बाजूंवर ती सुमारे अडीच सेंटिमीटर भरते, तर गेंड्याची कातडी शरीराच्या भागानुसार दीड ते पाच सेंटिमीटर जाड असते. पण जाडी आणि बधिरपणा यांचा संबंध नाही. हत्तीच्या कानाची मागची बाजू, तोंडाभोवतालचा भाग पातळ असतो. बाकीच्या अंगावरही माशी बसलेली त्याला कळते. घामाच्या ग्रंथी त्याला जवळजवळ नसतात, त्यामुळे उन्हाचा ताप घालवण्यासाठी त्याला पाणी, चिखल आणि धूळ लागते. आफ्रिकन हत्तीच्या कातडीवरील बारीक भेगांच्या जाळ्याचा अभ्यास जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. या भेगांमुळे कातडी सपाट पृष्ठभागापेक्षा पाच ते दहा पट अधिक पाणी धरून ठेवते, असे त्यातून दिसले. जी खरखरीत कातडी निबरपणाचे प्रतीक मानली जाते, ती वास्तविक ओलावा जपण्याची युक्ती आहे.

पाणघोड्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याची कातडी जाड असली तरी तिचा बाह्य थर इतका नाजूक असतो, की पाण्याबाहेर उन्हात फार वेळ राहिल्यास ती सुकून तडकते. तिच्यातून तांबूस स्राव पाझरतो. पाणघोड्याला रक्ताचा घाम येतो, ही समजूत त्यातूनच निघाली. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये या स्रावातील लाल व नारिंगी रंगद्रव्ये वेगळी केली. ती ऊन गाळतात आणि लाल द्रव्य जंतूंची वाढ रोखते, असे त्यांना आढळले.

ही माहिती शब्दचर्चेत आणण्याचे कारण असे, की शब्दाचा परिणाम जनावरावर होतो. 'एवढ्या जाड कातडीला काय होणार' या गृहीतकावर अंकुश, साखळदंड आणि डांबरी रस्त्यावरची मिरवणूक या गोष्टी सहज खपून जातात. वास्तविक अंकुश चालतो तोच मुळी कातडीला वेदना कळतात म्हणून. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीचे प्रकरण २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिला गुजरातेत हलवण्यात आले, तेव्हा गावोगावी लोकभावना उसळली. तिच्यावरची माया खरी होती. न्यायालयापुढे मांडला गेलेला तिच्या पायांच्या व नखांच्या दुखण्याचा मुद्दाही त्या वादाचा भाग होता. माया करणाऱ्यालाही जाड कातडीखालचे दुखणे दिसेलच असे नाही, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे.

गेंड्याची कथाही तशीच. शिंगासाठी आणि शिकारीच्या हौसेपायी तो विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातून नाहीसा होण्याच्या बेताला आला होता. काझीरंगाला संरक्षण मिळाल्यावर तो सावरला. २०२२ च्या गणनेत एकट्या काझीरंगात २,६१३ गेंडे होते. तलवारीपुढे ढाल झालेली त्याची कातडी बंदुकीपुढे निरुपयोगी ठरली आणि अखेर त्याला कायद्याची पाखर लागली.

कातडी, त्वचा, चर्म : वापराचा विवेक

मराठीत एकाच आवरणाला प्रसंगानुसार वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. 'त्वचा' हा शब्द वैद्यकाचा व सौंदर्यप्रसाधनांचा. तो जिवंत, जपण्याजोग्या आवरणाला लागतो. 'कातडी' जिवंत अंगावरचीच, पण रोजच्या बोलण्यातली. 'कातडे' बहुधा अंगावरून उतरवलेले. 'चामडे' कमावलेले, वापरायला तयार. 'चर्म' हा शब्द चर्मोद्योग, चर्मवाद्य अशा समासांत. म्हणून 'जाड त्वचेचा अधिकारी' असे म्हणून काहीच साधत नाही, आणि 'गेंड्याची त्वचा' हे शब्द घोषणेत शिरले तर घोषणेची धारच जाते.

वाक्प्रचारांत 'कातडी' दोन टोकांना उभी आहे. उपकार करणाऱ्यासाठी 'आपल्या कातड्याचे जोडे करून घालावेत' असे म्हटले जाते. कृतज्ञतेची याहून मोठी भाषा मराठीत नाही. दुसऱ्या टोकाला स्वतःपुरते पाहणारा 'कातडीबचाऊ' आहे. एक स्वतःची कातडी दुसऱ्यासाठी काढून द्यायला तयार, दुसरा फक्त तीच वाचवणारा. या दोघांच्या पलीकडे तिसरा आहे, तो 'गेंड्याच्या कातडीचा'. त्याला ना उपकाराची जाणीव, ना टीकेची भीती.

असंवेदनशीलतेसाठी मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. बोलणी खाऊन खाऊन ज्याला त्यांचे काही वाटेनासे होते तो 'कोडगा'. वारंवार तेच गैरकृत्य करून ज्याचे भय गेले तो 'निर्ढावलेला'. कोणाला दाद देत नाही तो 'निगरगट्ट'. हे शब्द व्यक्तीचा स्वभाव किंवा सवय सांगतात. 'गेंड्याची कातडी' मात्र सहसा सत्तेला उद्देशून येते: सरकार, पालिका, महामंडळ, वीज कंपनी. एखाद्या गावातल्या हट्टी शेजाऱ्याला कोणी गेंडा म्हणत नाही. त्याला 'कोडगा' पुरतो. हा वाक्प्रचार अर्ज करणाऱ्याने अर्ज न वाचणाऱ्यासाठी राखून ठेवला आहे.

लेखनात या शब्दांचा वापर करताना तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तर गोंधळ टळतो. 'स्थूलचर्मी' हा शब्द जुन्या वर्गीकरणाचा उल्लेख करताना योग्य आहे. हत्ती, गेंडा व पाणघोडा हे एकाच कुळातले आहेत असे सुचवण्यासाठी नाही. या प्राण्यांविषयी सर्वसाधारण बोलताना 'महाकाय शाकाहारी प्राणी' असे म्हणणे अधिक बरोबर, कारण त्यांच्यात खरोखर सामायिक आहे ते आकारमान आणि आहार. आणि माणसाविषयी बोलताना वाक्प्रचार संपूर्ण वापरावा: 'गेंड्याची कातडी पांघरणे'.

यातले 'पांघरणे' हे क्रियापद घाईच्या लेखनात अनेकदा गळते आणि नुसते 'गेंड्याच्या कातडीचे सरकार' उरते. या दोहोंत मोठा फरक आहे. गेंड्याला त्याची कातडी जन्मतः मिळते आणि तिच्याखाली त्याला ऊन, माशी, जखम सारे जाणवते. माणूस तशी कातडी घेऊन जन्मत नाही. खुर्चीवर बसल्यावर तो ती पांघरतो. 'कातडीचे' म्हटले की असंवेदनशीलता हा जणू निसर्गाचा भाग ठरतो आणि त्याबद्दल कोणाला जाब विचारण्याचे कारणच राहत नाही. 'पांघरलेले' म्हटले की ती त्याची निवड ठरते. पांघरलेली वस्तू उतरवता येते, आणि ती उतरवावी असे सांगण्याचा अधिकार चकलांब्यातल्या अर्जदारालाही आहे. वाक्प्रचार पुरा लिहिला तर हा अधिकारही त्याच्यासोबत येतो, आणि बिचाऱ्या गेंड्यावरचा आळही टळतो.